लंडनची पदवी आणि मायदेशीचे दार

दरवर्षी १ जुलै हा दिवस आपल्या देशात डॉक्टर दिन म्हणून साजरा होतो. १९९१ पासून ही प्रथा सुरू झाली. डॉ. बिधानचंद्र रॉय यांचा हा जन्मदिन, आणि योगायोगाने हाच त्यांचा स्मृतिदिनही. पश्चिम बंगालचे चौदा वर्षे मुख्यमंत्री, कलकत्त्याचे महापौर, कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू, महात्मा गांधींच्या उपोषणकाळात त्यांच्यावर देखरेख ठेवणारे डॉक्टर आणि भारतरत्न, अशा अनेक नात्यांनी त्यांचे नाव घेतले जाते. मात्र या साऱ्या कर्तृत्वाच्या मुळाशी त्यांनी तरुणपणी लंडनमध्ये घालवलेली सव्वादोन वर्षे आहेत. पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणासाठी परदेशी जाणे म्हणजे त्या काळी काय दिव्य होते, आणि ते पार करून आल्यावरही पारतंत्र्यातील डॉक्टरच्या वाट्याला काय येत असे, हे त्यांच्या चरित्रातून स्पष्ट होते.

बिधानचंद्रांचा जन्म १ जुलै १८८२ रोजी पाटण्याजवळच्या बांकीपूर येथे झाला. वडील प्रकाशचंद्र अबकारी खात्यात नोकरीस होते. आई अघोरकामिनी देवी. पाच भावंडांत बिधानचंद्र सर्वांत धाकटे. आईवडील दोघेही ब्राह्मो समाजाचे निष्ठावान अनुयायी होते. घरात सुबत्ता नव्हती, पण जे होते त्यातून अनाथ व गरजू मुलांना आधार देण्याची रीत होती. मुलींच्या शिक्षणासाठी अघोरकामिनी देवींनी बांकीपुरात मोठे कष्ट घेतले. बिधानचंद्र अवघ्या चौदा वर्षांचे असताना त्यांचे निधन झाले. घरातली कामे मुलगा-मुलगी असा भेद न करता सर्व भावंडांनी वाटून घ्यायची, ही या घरातील शिस्त पुढे लंडनमध्ये एकट्याने राहताना त्यांच्या कामी आली.

पाटणा महाविद्यालयातून गणित हा मुख्य विषय घेऊन ते पदवीधर झाले. डॉक्टरच व्हायचे असा त्यांचा लहानपणापासूनचा ध्यास मुळीच नव्हता. अभियांत्रिकी आणि वैद्यक अशा दोन्ही महाविद्यालयांकडे त्यांनी अर्ज केले आणि दोन्हीकडे प्रवेश मिळण्याची चिन्हे होती. वैद्यकीय महाविद्यालयाचे पत्र आधी हाती पडले आणि मार्ग ठरला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १९०१ मध्ये ते कलकत्ता वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले.

पहिले वर्ष संपते न संपते तोच वडील सेवानिवृत्त झाले आणि घरून येणारे पैसे थांबले. शिष्यवृत्तीवर भागवायचे, पुस्तके ग्रंथालयातून आणायची, टिपणे मित्रांकडून उतरवून घ्यायची, असा क्रम सुरू झाला. संपूर्ण शिक्षणकाळात त्यांनी पाच रुपयांचे एकच पुस्तक विकत घेतले, अशी आठवण सांगितली जाते. श्रीमंत रुग्णांच्या घरी बारा-बारा तास शुश्रूषेचे काम करून ते आठ रुपये मिळवत. रुग्णाच्या उशाशी रात्र जागून काढणे म्हणजे काय, हे त्यांनी डॉक्टर होण्याआधीच अनुभवले होते.

याच महाविद्यालयात त्यांना दोन इंग्रज अध्यापक भेटले आणि दोघांनीही, अगदी वेगवेगळ्या रीतीने, त्यांच्या आयुष्यावर ठसा उमटवला. एक होते प्राचार्य कर्नल ल्यूकिस. ते गुणी विद्यार्थ्याची पाठराखण करणारे होते. इंग्रज अधिकाऱ्यापुढे मान खाली घालून उभे राहायचे नाही, हा धडा बिधानचंद्रांनी एका इंग्रजाकडूनच घेतला. दुसरे होते प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक कर्नल पेक. महाविद्यालयाच्या प्रवेशद्वाराशी पेक यांच्या घोडागाडीची ट्रामशी धडक झाली. बिधानचंद्र तेथे उभे होते. ट्रामचालकाची चूक होती अशी साक्ष त्यांनी द्यावी, अशी पेक यांची इच्छा होती. चूक आपल्या प्राध्यापकांच्या गाडीवानाची होती, असे बिधानचंद्रांनी सांगितले आणि साक्षीसाठी उभे राहण्यास नकार दिला. काही दिवसांनी एम.बी. परीक्षेच्या तोंडी चाचणीत परीक्षक म्हणून समोर पेकच होते. बिधानचंद्र अनुत्तीर्ण झाले.

वर्गातील हुशार विद्यार्थ्यासाठी हा आघात मोठा होता. ल्यूकिस यांनी त्यांना धीर दिला आणि एल.एम.एस. ही परीक्षा देऊन पुढे एम.डी.चा मार्ग धरण्याचा सल्ला दिला. एल.एम.एस.च्या वेळीही परीक्षक पेकच होते, मात्र या खेपेस त्यांनी आपल्या वागण्याबद्दल खंत व्यक्त केली, असे सांगतात. बिधानचंद्र प्रांतिक वैद्यकीय सेवेत रुजू झाले आणि ल्यूकिस यांच्या हाताखाली काम करता करता १९०८ मध्ये त्यांनी एम.डी. पदवी मिळवली.

कलकत्ता विद्यापीठाची एम.डी. ही भारतातील सर्वोच्च वैद्यकीय पदवी हाती असताना लंडनला जाण्याची गरज काय होती? या प्रश्नाचे उत्तर तत्कालीन व्यवस्थेत आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील प्राध्यापकपदे आणि मोठ्या रुग्णालयांतील वरिष्ठ जागा प्रामुख्याने इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या असत. या सेवेची प्रवेश परीक्षा लंडनमध्ये होत असे. १८५५ पासून ती भारतीयांना खुली होती खरी, पण तेथवर पोहोचणारे भारतीय थोडे होते. प्रांतिक सेवेतील भारतीय डॉक्टर कितीही कुशल असला तरी इंग्रज वरिष्ठाच्या हाताखालचा मदतनीस, एवढीच त्याची पायरी. विलायतेच्या रॉयल कॉलेजची मुद्रा असल्याशिवाय त्याच्या ज्ञानाला बाजारातही मोल नव्हते आणि सरकारदरबारीही. मुंबईची स्थिती याहून वेगळी नव्हती. ग्रँट मेडिकल कॉलेजातून गुणवत्तेने उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांनाही हीच भिंत आडवी येत असे. जमशेटजी टाटांच्या निधीतून अर्थसाहाय्य घेऊन जीवराज मेहता हे ग्रँटचे विद्यार्थी १९०९ मध्येच लंडनला गेले, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे.

फेब्रुवारी १९०९ मध्ये बिधानचंद्रांनी बोटीवर पाऊल ठेवले तेव्हा त्यांच्या खिशात १२०० रुपये होते. प्रवासखर्च, शुल्क, राहणे आणि जेवणखाण हे सारे याच्या आधारे निभवायचे होते. पैसा थोडा असल्याने वेळही थोडा होता. म्हणूनच त्यांनी एक धाडसी बेत आखला. वैद्यकशास्त्रातील एम.आर.सी.पी. आणि शल्यशास्त्रातील एफ.आर.सी.एस. या दोन्ही परीक्षा एकाच मुक्कामात द्यायच्या. शिक्षणासाठी त्यांनी निवडले सेंट बार्थोलोम्यूज हॉस्पिटल. ११२३ मध्ये स्थापन झालेले हे लंडनमधील अत्यंत जुने रुग्णालय. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा विल्यम हार्वे येथेच काम करीत असे. ‘बार्ट्स’ या लाडक्या नावाने ते जगभरच्या डॉक्टरांना परिचित आहे.

बार्ट्सच्या अधिष्ठात्यांनी अर्ज फेटाळला. आशियातून आलेल्या विद्यार्थ्याला घेण्याची त्यांची तयारी नव्हती. शिवाय दोन वर्षांत दोन्ही परीक्षा देण्याची भाषा त्यांना पोरकट वाटली. बिधानचंद्रांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्ज केला. तोही परत आला. त्यांनी तिसरा केला. असे तब्बल तीस अर्ज त्यांनी केले आणि अखेर अधिष्ठात्यांनी हार मानली, अशी कथा त्यांच्या प्रत्येक चरित्रात आढळते. नेमका आकडा काहीही असो, सुमारे दीड महिना हा तरुण त्या दारापुढून हलला नाही, यात शंका नाही. दुसऱ्या रुग्णालयाकडे वळणे सोपे होते. पण जवळच्या तुटपुंज्या पैशातला रोजचा दिवस खर्ची पडत असताना ते त्याच दारात थांबले.

त्यांनी अंगावर घेतलेल्या कामाचे ओझे समजून घेणे आवश्यक आहे. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स आणि रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स या दोन स्वतंत्र संस्था. पहिली १५१८ मधील, तर दुसरीची राजसनद १८०० मधील. दोघींच्या परंपरा वेगळ्या, परीक्षक वेगळे आणि अपेक्षाही वेगळ्या. एफ.आर.सी.एस.साठी आधी शरीररचना व शरीरक्रिया यांची प्राथमिक परीक्षा आणि नंतर शल्यशास्त्राची अंतिम परीक्षा. म्हणजे शवविच्छेदनाच्या टेबलापासून पुन्हा सुरुवात. एम.आर.सी.पी.मध्ये रुग्णशय्येजवळ उभे राहून लक्षणांवरून निदान करण्याची कसोटी. सामान्यतः डॉक्टर यापैकी एकच वाट धरतो आणि तिच्यावर काही वर्षे घालवतो. बिधानचंद्रांचा दिवस शवविच्छेदनगृह, वॉर्ड आणि ग्रंथालय यांत विभागलेला असे. सुटीच्या काळात, जेव्हा इतर विद्यार्थी गावी जात, तेव्हाही त्यांचे काम चालू राही. कलकत्त्यात शुश्रूषेच्या रात्रपाळ्या करणाऱ्याला जागरणाची धास्ती नव्हती आणि पाच रुपयांच्या एका पुस्तकावर शिकलेल्याला ग्रंथालयाची किंमत ठाऊक होती.

मे १९११ मध्ये, म्हणजे प्रस्थानानंतर दोन वर्षे तीन महिन्यांनी, एम.आर.सी.पी. आणि एफ.आर.सी.एस. या दोन्ही पदव्या त्यांच्या नावापुढे लागल्या. हा पराक्रम त्या काळी इंग्रज डॉक्टरांतही विरळा होता. बिधानचंद्रांच्या शिफारशीने येणाऱ्या विद्यार्थ्याला बार्ट्समध्ये विनाअट घेतले जाईल, असे आश्वासन पुढे त्याच अधिष्ठात्यांनी दिल्याचे सांगतात. ज्या दारावर ते दीड महिना ताटकळले, ते दार मागून येणाऱ्या भारतीयांसाठी किलकिले झाले होते.

त्याच वर्षी ते कलकत्त्याला परतले. दोन्ही रॉयल कॉलेजांची मान्यता मिळवलेल्या या डॉक्टरला आपल्या मातृसंस्थेत, कलकत्ता वैद्यकीय महाविद्यालयात, अध्यापनाची जागा मिळणे स्वाभाविक होते. तसे घडले नाही. त्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या होत्या आणि बिधानचंद्र प्रांतिक सेवेतले. त्यांची नेमणूक झाली ती कॅम्पबेल मेडिकल स्कूलमध्ये, जेथे पदवीऐवजी खालच्या दर्जाचा परवाना देणारा अभ्यासक्रम शिकवला जाई. अडचण केवळ पदवीची असती तर ती लंडनमध्ये दूर झाली होती. खरा अडसर व्यवस्थेचा होता. जी गोष्ट लंडनमधील चिकाटीने साधली, ती मायदेशात एकट्याच्या गुणवत्तेने साधणारी नव्हती. या अनुभवाने त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा निश्चित केली.

भारतीयांनी भारतीयांसाठी चालवलेल्या शिक्षणसंस्थेत त्यांना आपले स्थान सापडले. एडिंबरोहून वैद्यकीय पदवी घेऊन आलेले डॉ. राधागोविंद कर यांनी १८८६ मध्ये कलकत्त्यात बिनसरकारी वैद्यकीय शाळा सुरू केली होती. तिचेच पुढे कारमायकेल मेडिकल कॉलेज झाले. १९१९ मध्ये सरकारी नोकरीचा राजीनामा देऊन बिधानचंद्र तेथे वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक झाले. निश्चित वेतन आणि निवृत्तिवेतन सोडून वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेत जाणे, हा व्यवहारी निर्णय नव्हता. अशीच चळवळ मुंबईतही आकार घेत होती. लंडनहून एम.डी. होऊन आलेले जीवराज मेहता हे परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचे आणि १९२६ मध्ये सुरू झालेल्या के.ई.एम. रुग्णालयाचे पहिले अधिष्ठाता झाले. महाविद्यालयासाठी देणगी देणाऱ्या विश्वस्तांची अट होती की, तेथील अध्यापकवर्ग भारतीयच असावा. कलकत्ता आणि मुंबई या दोन टोकांना विलायतेहून शिकून आलेली ही पिढी एकच काम करीत होती.

रोगनिदानातील त्यांच्या अचूकतेच्या आख्यायिका बंगालमध्ये घरोघरी पसरल्या. रुग्ण खोलीत शिरतानाची त्याची चाल, श्वासाची लय, चेहऱ्याची छटा यांवरून ते आजार ओळखत, असे लोक मानू लागले. यात भक्तिभावाचा अंश असेलही, पण रुग्णाकडे नीट पाहण्याची जी सवय त्यांना शुश्रूषेच्या रात्रींनी लावली आणि लंडनच्या वॉर्डांनी पक्की केली, तिचेच हे फळ होते. जादवपूरचे क्षयरोग रुग्णालय, चित्तरंजन सेवासदन अशा अनेक संस्थांच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. देशबंधू चित्तरंजन दास यांच्या निधनानंतर त्यांच्या वास्तूत १९२६ मध्ये सुरू झालेल्या सेवासदनात स्त्रियांवर उपचार होत. तेथे स्त्रियांना परिचर्येचे शिक्षणही मिळू लागले.

१९२३ च्या बंगाल विधिमंडळाच्या निवडणुकीत त्यांनी सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्यासारख्या ज्येष्ठ नेत्याचा पराभव केला आणि राजकारणात त्यांचे नाव झाले. १९३० मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य असताना त्यांना अटक झाली. अलीपूरच्या तुरुंगातही ते बंदिवानांवर उपचार करीत राहिले.

नेमक्या याच वर्षी पदवीचा प्रश्न पुन्हा उफाळून आला. भारतीय विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांना ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलची मान्यता असे. १९२० च्या दशकात तेथील परिषदेने भारतातील प्रसूतिशास्त्राच्या प्रशिक्षणाबाबत आक्षेप घेण्यास सुरुवात केली आणि १९३० मध्ये मान्यता काढून घेतली. भारतीय पदवीधर डॉक्टरांच्या स्वाभिमानावर हा घाव होता. आपल्या पदवीचा दर्जा सात समुद्रांपलीकडच्या परिषदेने का ठरवावा, असा सवाल उभा राहिला. १९२८ मध्ये कलकत्त्याच्या परिषदेत स्थापन झालेल्या इंडियन मेडिकल असोसिएशनने, ज्याच्या उभारणीत बिधानचंद्रांचा पुढाकार होता, या प्रश्नावर आवाज उठवला. १९३३ च्या कायद्यानुसार भारताची स्वतःची वैद्यकीय परिषद अस्तित्वात आली. १९३९ मध्ये या परिषदेचे अध्यक्षपद बिधानचंद्रांकडे आले. तीस वर्षांपूर्वी ज्यांचा अर्ज लंडनमध्ये पुन्हा पुन्हा परत येत होता, तेच आता भारतीय वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या प्रमुखपदी बसले. ही परिषद पुढे दीर्घकाळ टिकली. २०२० मध्ये तिची जागा राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने घेतली.

महाराष्ट्राशी त्यांचा संबंध आला तो गांधीजींमुळे. मे १९३३ मध्ये गांधीजींनी पुण्याच्या पर्णकुटीत एकवीस दिवसांचे उपोषण केले. पुढे फेब्रुवारी १९४३ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी पुन्हा तेवढ्याच दिवसांचे उपोषण आरंभले. या दुसऱ्या प्रसंगी मुंबईचे डॉ. गिल्डर आणि डॉ. सुशीला नय्यर यांच्यासमवेत बिधानचंद्र गांधीजींच्या प्रकृतीवर लक्ष ठेवून होते. सत्तरी ओलांडलेला देह, ढासळत चाललेली प्रकृती आणि औषधाला नकार देणारा रुग्ण, अशी ती कसोटी होती. देशातील कोट्यवधी गरिबांना जो उपचार मिळत नाही तो आपण फुकट का घ्यावा, असा पेच गांधीजींनी एकदा त्यांच्यापुढे टाकला. आपण गांधी या एका माणसावर नव्हे, तर त्या कोट्यवधींच्या प्रतिनिधीवर उपचार करीत आहोत, अशा आशयाचे उत्तर देऊन बिधानचंद्रांनी त्यांना औषध घ्यायला लावले, ही हकिकत प्रसिद्ध आहे.

स्वातंत्र्यानंतर संयुक्त प्रांताचे राज्यपालपद त्यांना देऊ करण्यात आले होते. ते त्यांनी स्वीकारले नाही. जानेवारी १९४८ मध्ये ते पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री झाले. फाळणीने दुभंगलेले राज्य, पूर्व बंगालमधून येणारे निर्वासितांचे लोंढे, अन्नटंचाई आणि बेकारी, असा तो काळ. दुर्गापूर, कल्याणी, कलकत्त्याजवळचे सॉल्ट लेक या वसाहतींच्या योजना त्यांच्याच कारकिर्दीतील. मुख्यमंत्री असतानाही सकाळचा काही वेळ ते गरीब रुग्णांना विनामूल्य तपासण्यासाठी राखून ठेवत. १९४८ मध्येच कारमायकेल कॉलेजला त्याचे संस्थापक राधागोविंद कर यांचे नाव देण्यात आले.

त्यांच्या राजवटीतील एका घटनेचा उल्लेख मात्र आवर्जून करायला हवा. जानेवारी १९५७ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते कलकत्त्यात पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले. देशात या प्रकारच्या ज्या पहिल्या संस्था निघाल्या, त्यांपैकी ही एक. डॉक्टर झालेल्या तरुणाला पुढील शिक्षणासाठी १२०० रुपये खिशात घालून सागर ओलांडावा लागू नये, याची ती तजवीज होती. बिधानचंद्र परदेशी शिक्षणाच्या विरोधात कधीच नव्हते. तेथे मिळवलेली विद्या त्यांनी जन्मभर अभिमानाने वापरली. त्यांचा आग्रह एवढाच होता की, परदेशी जाणे ही निवड असावी, नाइलाज असू नये.

१९६१ मध्ये त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान मिळाला. ते आजन्म अविवाहित राहिले. १ जुलै १९६२ रोजी, वयाची ऐंशी वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. आपले राहते घर त्यांनी आईच्या नावाने रुग्णालय चालवण्यासाठी देऊन ठेवले होते.

आजही दरवर्षी असंख्य भारतीय डॉक्टर उच्च शिक्षणासाठी ब्रिटन, अमेरिका व अन्य देशांची वाट धरतात. प्रवेशपरीक्षा, व्हिसा, खर्चाची जुळवाजुळव आणि नकाराची पत्रे हे चक्र त्यांनाही चुकलेले नाही. त्यांतील कित्येकांना परत येण्याची ओढ असते, तर कित्येक तिकडेच स्थिरावतात. बिधानचंद्रांसारखी जिद्द सर्वांना लाभतेच असे नाही. परंतु लंडनहून परतल्यावर मायदेशीचे दार बंद दिसले, तेव्हा त्यांनी लंडनची बोट पुन्हा धरली नाही. येथेच राहून त्यांनी आपल्यामागून येणाऱ्यांसाठी नवी दारे उघडली. डॉक्टर दिनी त्यांचे स्मरण करायचे ते या कामासाठी.